गाभारा नसलेलं चर्च

जुन्या वास्तूंविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या महिन्यात इंदिरानगरच्या एका वाचकांच्या पत्राला जागेअभावी चार ओळींत उत्तर दिलं आणि तेव्हापासून मलाच चैन नव्हतं. त्या चार ओळी वाचून आणखी काही जणांनी लिहिलं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते आणि सगळी जागा एकाच वास्तूला देते: जर्मनीतल्या टोरगाऊ गावच्या हार्टेनफेल्स किल्ल्यातलं चर्च, सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळा प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या काळातलं.

इंदिरानगरहून एक वाचक लिहितात: "ताई, मुलगा लाइपझिगला शिकतो. उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. त्याने एक दिवस टोरगाऊला नेलं. किल्ला छानच आहे, अंगणातला गोल जिना तर डोळ्यांत मावत नाही. मग म्हणाला, आता मार्टिन ल्यूथरने स्वतः उद्घाटन केलेलं चर्च बघू. मी मान वर करून मनोरा शोधत होतो. मनोरा नाही, घुमट नाही. किल्ल्याच्या एका बाजूच्या इमारतीला दार होतं, आत गेलो तर एक लांबट दिवाणखाना. वर दोन मजल्यांचे सज्जे. समोर एक दगडी मेज. दहा मिनिटांत बाहेर आलो. हिला म्हटलं, यापेक्षा आपली त्र्यंबकेश्वराची बांधणी बघ. आमचं काही चुकलं का?"

चुकलं काहीच नाही. तुम्ही जे पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत: मनोरा नाही, घुमट नाही, गाभारा नाही. फक्त ते 'नाही' का, हे कुणी सांगितलं नाही, म्हणून दहा मिनिटांत बाहेर यावं लागलं.

मी स्वतः तिथे गेले तेव्हा नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. वास्तुकलेचा इतिहास शिकवताना मी टोरगाऊचं नाव वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं, तेही एका ओळीत: 'इ.स. १५४४, नवीन प्रॉटेस्टंट पंथासाठी मुद्दाम बांधलेल्या अगदी पहिल्या चर्चपैकी एक.' मुलांनी ती ओळ उतरवून घेतली, मीही पुढे गेले. प्रत्यक्ष त्या दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो आमचा वाडा.

आमचा वाडा जुन्या तांबट आळीजवळ होता. दिवसभर तांब्यावर हातोडीची टकटक. चातुर्मासात मात्र संध्याकाळी चौकात कीर्तन असायचं. चौक लांबट होता. देवघर त्याच्या एका टोकाला, आतल्या अंधारात. पण बुवा कधी देवघरापुढे उभे राहिले नाहीत. ते लांबीच्या बाजूच्या ओसरीला, मधल्या दोन खांबांच्या मध्ये उभे राहायचे. पुरुष मंडळी चौकात सतरंजीवर, बायका आणि आम्ही पोरं वरच्या सज्जात, कठड्याला हनुवटी टेकवून. बुवांनी नुसता 'जय जय रामकृष्ण हरी' असा आवाज लावला तरी तो डावीकडच्या कोपऱ्यात बसलेल्या आजीलाही लागायचा आणि उजवीकडच्या जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या मलाही. मी एकदा आजीला विचारलं होतं, बुवा देवापुढे का नाही उभे राहत? ती म्हणाली, "देवाला ऐकू येतंच गं. आपल्याला यायला हवं ना."

टोरगाऊच्या चर्चमध्ये उपदेशाचं व्यासपीठ, ज्याला आपल्याकडची ख्रिस्ती मंडळी पुलपिट म्हणतात, ते कुठे आहे? वेदीजवळ नाही, टोकालाही नाही. लांबीच्या भिंतीवर, मधोमध, खालच्या मंडळींना आणि सज्जातल्या मंडळींना सारखंच जवळ पडेल अशा उंचीवर. मी त्याच्याखाली उभी राहून वर बघितलं आणि मला आमचे बुवा दिसले.

आता त्याआधीची चर्चं कशी होती ते आठवा. लांब दालन, टोकाला वेगळा, कठड्याने तोडलेला भाग, तिथे वेदी, आणि त्या भागात धर्मगुरूच जाणार. लोक मागे उभे. विधी लॅटिनमध्ये, आणि बराचसा लोकांकडे पाठ करून. लोकांनी बघायचं, घंटा वाजली की गुडघे टेकायचे. तिथे गाभारा आणि सभामंडप हे दोन वेगळे भाग हवेतच, कारण दोन वेगळ्या प्रकारची माणसं दोन वेगळी कामं करत होती. ल्यूथरचं म्हणणं असं की उपासना म्हणजे देवाचा शब्द लोकांच्या भाषेत ऐकणं आणि प्रार्थनेने, गाण्याने त्याला उत्तर देणं. हे एकदा मान्य केलं की वास्तूची सगळी मांडणीच बदलते. गाभाऱ्याचं कामच उरत नाही. उरतो तो सभामंडप.

आपल्या नाशिकच्या काळाराम मंदिराचं उदाहरण घ्या. सरदार ओढेकरांनी १७८२ च्या सुमारास ते बांधायला घेतलं. मुख्य देऊळ काळ्या दगडाचं, शिखर, कळस, सगळं थाटाचं. पण त्याच्यासमोर प्राकारात सुटा उभा असलेला सभामंडप आहे ना, चाळीस खांबांचा, चारी बाजूंनी मोकळा, तो कथा-कीर्तनासाठी. तिथे दर्शन होत नाही, श्रवण होतं. आता कल्पना करा की कुणी तो सभामंडप उचलला, त्याला भिंती घातल्या, आत दोन मजले सज्जे काढले, आणि म्हणाला, हेच देऊळ. टोरगाऊला हेच झालं आहे. तुम्ही ज्याला दिवाणखाना म्हणालात तो सगळाच्या सगळा सभामंडप आहे.

मनोरा नसण्याचं कारण याहून साधं. हे राजवाड्यातलं चर्च. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राटाची निवड करणाऱ्या मोजक्या राजांपैकी एक, योहान फ्रीडरिश याने आपल्या राहत्या वाड्याच्या एका सोप्यातच ते बसवून घेतलं. वाड्यातल्या देवघराला कुणी वेगळं शिखर काढत नाही. बांधणारा होता निकोलाउस ग्रोमान. १५४३–४४ मध्ये काम झालं. त्याने एक फार हुशारी केली. उंच छताचा भार पेलायला जुन्या चर्चमध्ये भिंतीबाहेर दगडी आधार काढत. ग्रोमानने ते खांब भिंतीच्या आत घेतले. त्यामुळे बाहेरून भिंत सरळ, बाकीच्या वाड्याशी एकजीव झाली, आणि आत दोन-दोन खांबांमध्ये जे खण तयार झाले त्यांवरच त्याने चपट्या कमानी टाकून सज्जे बसवले. एका दगडात दोन कामं. आपल्या वाड्यांमध्ये खणांच्या हिशेबाने सज्जा काढणारे सुतार असते तर त्यांनी ग्रोमानच्या पाठीवर थाप मारली असती.

बाहेरचं दार मात्र पुन्हा एकदा नीट बघा, मुलाला फोटो काढून पाठवायला सांगा. दाराच्या चौकटीभोवती कोरीव काम आहे. वेलबुट्टीत छोटे छोटे देवदूत अडकवले आहेत आणि प्रत्येकाच्या हातात ख्रिस्ताच्या दुःखसहनातली काही ना काही वस्तू आहे. पुढे काय झालं हे ठाऊक नसलेली लहान मुलं मोठ्यांची अवजारं उचलून धावत आहेत असं ते दिसतं. मी तिथे पावसात छत्री धरून बराच वेळ उभी होते.

आणि ते दगडी मेज. तुम्ही त्याला मेज म्हणालात, ल्यूथरलाही तेच हवं होतं. यज्ञाची वेदी नको, प्रभुभोजनाचं मेज हवं. चार देवदूतांनी ते पेललं आहे, बस, एवढीच त्याची सजावट.

शरणपूरहून एक वाचक विचारतात: "ताई, या चर्चचं समर्पण ल्यूथरने स्वतः केलं असं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे नव्या चर्चचं समर्पण बिशप करतात, मोठा विधी असतो. ल्यूथरने नेमकं काय केलं? आणि गायनाचं काय? आम्ही ओवी-अभंगाच्या चालीवर मराठी गीतं म्हणतो, म्हणून कुतूहल."

तारीख ५ ऑक्टोबर १५४४, रविवार. जुन्या पद्धतीत नव्या चर्चवर पवित्र पाणी शिंपायचं, धूप फिरवायचा, भिंतींवर तेलाने खुणा करायच्या. ल्यूथरने यातलं काही केलं नाही. तो व्यासपीठावर चढला आणि बोलला. बोलण्याचा सारांश असा: या नव्या घरात दुसरं काही घडू नये, फक्त प्रभूने आपल्याशी त्याच्या वचनातून बोलावं आणि आपण प्रार्थनेतून व स्तुतिगीतांतून त्याच्याशी बोलावं. मग त्याने समोरच्या मंडळींना सांगितलं, पाणी शिंपण्याची कुंचली आणि धुपाटणं तुम्हीही हातात धरा. म्हणजे खरोखरची कुंचली नव्हे. समर्पण माझ्या एकट्याच्या हाताने होत नाही, तुम्ही सगळे मिळून ते ऐकण्याने आणि प्रार्थनेने करता, हा त्याचा अर्थ.

त्याच उपदेशातलं आणखी एक वाक्य मला सगळ्यात जास्त आवडतं. तो म्हणाला, हे घर इतर घरांहून अधिक पवित्र आहे असं समजू नका. उद्या काही अडचण आली आणि इथे जमता आलं नाही, तर बाहेर विहिरीपाशी उभं राहून उपदेश करावा. नव्या कोऱ्या वास्तूच्या उद्घाटनाला, ती बांधणाऱ्या राजासमोर, असं सांगायला धाडस लागतं. आणि गोदाकाठच्या माणसाला ते पटायला वेळ लागत नाही. आपल्याकडे रामकुंडावर, वडाखाली, कुठेही कीर्तन उभं राहतं.

गायनाबद्दल विचारलंत ते फार बरं झालं, कारण टोरगाऊ हे त्या गायनाचं माहेरघरच म्हणायला हवं. योहान वाल्टर हा तिथला कॅन्टर, म्हणजे शाळेतल्या मुलांना आणि चर्चच्या गायकवृंदाला शिकवणारा संगीतशिक्षक. नव्या पंथाचं गायकवृंदासाठीचं पहिलं गीतपुस्तक त्याने १५२४ मध्ये तयार केलं, त्याला ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. समर्पणाच्या दिवसासाठी वाल्टरने सात आवाजांची खास रचना केली. शब्द स्तोत्र ११९ चे, आणि त्यातच गुंफलेला योहान फ्रीडरिश, ल्यूथर आणि त्याचा सहकारी मेलांक्थॉन यांचा जयजयकार. सात आवाज एकमेकांत विणले जातात तेव्हा शब्द कळणं अवघड होतं, हे खरं. पण लोकभाषेतली सोपी गीतंही होतीच, आणि ती सगळ्या मंडळींनी म्हणायची होती. तुमची अभंगाच्या चालीची गीतं त्याच जातीची. लोकांच्या तोंडात आधीपासून जी चाल आहे ती घ्यायची.

तिवंधा चौकातून एक वाचक जरा रागाने लिहितात: "ल्यूथर सगळे सारखे म्हणतो, पण सज्जे कशासाठी? राजा वर आणि नोकर खाली, असंच ना? मग फरक काय पडला?"

राग योग्य आहे. होय, राजघराणं वरच्या सज्जात. वाड्याच्या राहत्या दालनांतून थेट त्या मजल्यावर येता यावं हीच तर वाड्यातल्या चर्चची सोय असते. खाली दरबारची बाकीची माणसं. दगडात उतरंड कोरलेली आहे, ती नाकारून चालणार नाही.

पण त्या दिवशी वाचलेला पाठ कोणता होता ते ऐका. लूककृत शुभवर्तमान, अध्याय १४. येशू मेजवानीला जातो, पाहुणे मानाच्या जागा कशा बळकावतात ते बघतो, आणि सांगतो की तुम्हाला बोलावलं तर जाऊन सर्वांत शेवटच्या जागी बसा. त्या रविवारी हाच पाठ येत होता, ल्यूथरने मुद्दाम निवडला नव्हता. पण त्याने तो टाळलाही नाही, त्याच पाठावर उपदेश केला. खाली बसलेल्या आणि वर बसलेल्या दोघांनीही तो ऐकला.

ऐकणं सगळ्यांसाठी खुलं झालं म्हणजे जागा सगळ्यांसाठी खुली झाली असं होत नाही. हे आपल्याला नाशिकमध्ये कुणी शिकवायला नको. ज्या काळारामाच्या सभामंडपाचं मी वर एवढं कौतुक केलं, त्याच देवळाच्या दाराशी २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षं चालला. सभामंडप चारी बाजूंनी मोकळा होता, पण प्राकाराचा दरवाजा बंद होता. वास्तू शिकवताना मी नकाशावर आधी खांब दाखवायचे. पुढे पुढे आधी दरवाजा दाखवायला लागले.

गंगापूर रोडवरून वास्तुकलेची एक विद्यार्थिनी: "मॅडम, छताचे फोटो बघितले. दगडी फासळ्यांची जाळी आहे. मग हे गॉथिक झालं ना? सगळीकडे रेनेसाँ कसं लिहितात?"

तुझा डोळा बरोबर आहे. छत जुन्याच पद्धतीचं आहे, फासळ्यांच्या जाळीचं, म्हणजे मध्ययुगातल्या चर्चच्या गॉथिक शैलीचं. जर्मन गवंड्यांच्या हातात ते कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं होतं आणि एका नव्या शैलीचं नाव ऐकून हात विसरत नाहीत. कितीतरी वेळा चर्चच्या छताला मुद्दाम जुनं रूप ठेवलं जाई, कारण लोकांना 'चर्च' म्हटलं की तेच आठवे. नवं, म्हणजे इटलीतून आलेल्या रेनेसाँ शैलीचं, आहे ते बाकी सगळं: एकच सलग आयत दालन, चपट्या कमानींची शिस्तीत चाललेली रांग, दाराभोवतीची इटलीच्या वळणाची वेलबुट्टी. तेव्हा वहीत एक शब्द लिहून मोकळी होऊ नकोस. छत गॉथिक, मांडणी रेनेसाँ, हेतू प्रॉटेस्टंट, असं तीन वेगळ्या ओळींत लिही.

अंगणातला जिना याच वाड्याचा, पण दुसऱ्याच्या हातचा. कोनराड क्रेब्सने १५३३ ते १५३६ मध्ये बांधला. गोल जिन्याच्या मध्ये पायऱ्या जिला चिकटतात तशी सोट असते ना, ती इथे नाही. मधली जागा मोकळी, पायऱ्या बाहेरच्या बाजूने पेललेल्या. आमच्या वाड्यातला जिना भिंतीच्या पोटात होता, अंधारा, एका माणसापुरता, चोर आला तर वरून दार लावून घ्यायला सोयीचा. क्रेब्सचा जिना त्याच्या बरोब्बर उलट: चढणारा माणूस अंगणातून सगळ्यांना दिसावा म्हणूनच केलेला. या दोन जिन्यांवर तू एक निबंध लिही आणि मला पाठव.

व्यासपीठाचं कोरीव काम सिमोन श्रोटरचं. त्यावर तीन प्रसंग आहेत आणि तिन्हींची निवड विचारपूर्वक आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात पंडितांशी बोलतो आहे. व्यभिचाराचा आरोप असलेली बाई आणि तिला क्षमा करणारा येशू. आणि मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलणारा येशू. ल्यूथरचं सगळं भांडण या तीन चित्रांत आलं: शास्त्राचा आधार, कृपेने मिळणारी क्षमा, आणि धर्माच्या नावाने चाललेल्या पैशाच्या बाजाराला विरोध. पाळक उपदेश करत असताना त्याच्या पायाशी हे तीन प्रसंग लोकांना सतत दिसणार. विशेष म्हणजे पुढे श्वेरिनच्या किल्ल्यात जे चर्च १५६० ते १५६३ मध्ये टोरगाऊचा नमुना समोर ठेवून बांधलं, तिथल्या व्यासपीठासाठीही याच श्रोटरला बोलावलं.

देवळाली कॅम्पहून: "हेच पहिलं प्रॉटेस्टंट चर्च का? आम्ही तर विटेनबर्गचं ऐकलं होतं."

विटेनबर्गचं किल्ल्यातलं चर्च वेगळं. ३१ ऑक्टोबर १५१७ ची, ल्यूथरच्या ९५ प्रबंधांची, म्हणजे चर्चच्या चालीरीतींवर त्याने मांडलेल्या आक्षेपांची, तारीख त्याच्याशी जोडली जाते, पण ते बांधलं गेलं त्या आधी, जुन्याच उपासनेसाठी. 'पहिलं' म्हणताना जपून बोलावं लागतं. डॅन्यूबकाठच्या नॉयबुर्गला ओटहाइनरिश या राजाच्या वाड्यातलं चर्च १५४३ चं आहे, म्हणजे टोरगाऊच्या वर्षभर आधीचं, आणि तिथले लोक पहिलेपणाचा मान आपल्याकडे घेतात. त्या चर्चच्या छतावर भरगच्च चित्रं आहेत. माझं मत विचाराल तर पहिलं कोण यापेक्षा पुढच्यांनी कुणाचा कित्ता गिरवला हे महत्त्वाचं, आणि तो टोरगाऊचा गिरवला.

त्यातलं श्मालकाल्डेनच्या विल्हेल्म्सबुर्ग वाड्यातलं चर्च, १५९० चं, जमलं तर नक्की बघा. तिथे ग्रोमानच्याही पुढे जाऊन वेदी, तिच्यावर व्यासपीठ आणि त्याच्यावर ऑर्गन, असं तिन्ही एका उभ्या रेषेत रचलं आहे. प्रभुभोजन, वचन आणि गाणं, एकावर एक. त्या ऑर्गनच्या नळ्या लाकडी आहेत आणि तो चारशेहून अधिक वर्षांनंतर आजही वाजतो.

मेरीच्या कॉलनीतून एक आजोबा नातवाच्या वतीने: "नातू विचारतो, किल्ल्यात अस्वलं आहेत हे खरं का?"

खरं. हार्टेनफेल्सच्या खंदकात अस्वलं पाळलेली आहेत. मी पाहिलं तेव्हा एक झोपलेलं होतं आणि दुसरं भिंतीला पाठ घासत होतं. नातवाला सांगा, खंदक खोल आहे, ती वर येत नाहीत.

पंचवटीतून एक कीर्तनप्रेमी वाचक: "योहान फ्रीडरिशने एवढं हौसेने बांधलं, मग त्याला ते किती वर्षं लाभलं? आणि खरंच लाउडस्पीकर नसताना तिथे सगळ्यांना ऐकू येत असेल का? आमच्याकडे हल्ली माईकशिवाय कुणी बोलतच नाही."

लाभलं नाही. ल्यूथर १८ फेब्रुवारी १५४६ ला गेला, समर्पणानंतर दीड वर्षाच्या आत. त्याच्या पुढच्या वर्षी, २४ एप्रिल १५४७ ला, टोरगाऊपासून जवळच एल्बेच्या काठी म्यूलबेर्गला लढाई झाली. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने योहान फ्रीडरिशला कैद केलं. इलेक्टरचा मान त्याच्या भाऊबंदांपैकी मोरित्सकडे गेला आणि टोरगाऊही. म्हणजे आपण बांधलेल्या चर्चच्या सज्जात बसायला त्याला पुरती तीन वर्षंही मिळाली नाहीत. ल्यूथरची बायको कॅथरिना पुढे रोगराईच्या भीतीने विटेनबर्ग सोडून निघाली ती टोरगाऊलाच आली आणि डिसेंबर १५५२ मध्ये तिथेच गेली. तिची समाधी गावातल्या सेंट मेरी चर्चमध्ये आहे. किल्ल्यातून चालत जाण्याइतकं जवळ. इंदिरानगरकर, पुढच्या वेळी तिथेही जाऊन या.

ऐकू येण्याचा हिशेब सोपा आहे. बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट झालं की थेट कानावर येणाऱ्या आवाजाचा जोर चौथ्या हिश्शावर येतो. माणूस लांबट दालनाच्या टोकाला उभा राहिला तर शेवटच्या रांगेचं अंतर दालनाच्या लांबीएवढं. तोच लांबीच्या भिंतीच्या मध्यावर आला की ते जवळजवळ निम्मं. दुसरी गोष्ट प्रतिध्वनीची. मोठ्या दगडी चर्चमध्ये एक शब्द संपायच्या आत मागचा शब्द भिंतीवरून परत येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. संथ गाण्याला ते मानवतं, बोलण्याला नाही. इथे सज्ज्यांनी मोठी सपाट भिंत मोडून टाकली आहे, आणि सज्जे माणसांनी भरले की कपडे आणि अंगं आवाज पिऊन टाकतात. मी गेले तेव्हा चर्च रिकामं होतं. माझ्याबरोबर भाची होती. तिला सज्जाच्या कोपऱ्यात उभं केलं आणि मी व्यासपीठाच्या खालून, आवाज न चढवता, मनाचे श्लोक म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या श्लोकाला ती वरून माझ्याबरोबर म्हणायला लागली.

तुम्ही पंचवटीतच राहता, तेव्हा हे घरबसल्या करून बघता येईल. सकाळी काकड आरती आटोपली आणि गर्दी पांगली की काळारामाच्या सभामंडपात एका सोबत्याला घेऊन जा. आधी त्याला एका टोकाला उभं करून एक अभंग म्हणायला सांगा आणि तुम्ही दुसऱ्या टोकाच्या खांबाला टेकून बसा. मग त्याला लांबीच्या बाजूला, मधल्या दोन खांबांमध्ये आणा. तुम्ही जागा सोडू नका. तोच अभंग, तोच आवाज. कोणते शब्द पहिल्यांदा निसटले होते आणि दुसऱ्यांदा लागले, तेवढे मला लिहून कळवा.